बारा बायका, सोळा ताटं

ती गोष्ट आठवली की आजही मी खुर्चीत ताठ होऊन बसतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या दुपारी माझं काळीज जसं धडधडलं तसं पुन्हा कधी धडधडलं नाही. या हकिगतीत मी कुणाचंच नाव सांगणार नाही. काहींना त्याची लाज वाटेल, आणि ज्यांनी खरं काम केलं त्यांना त्याची गरज नाही.

माझे वडील फौजेत होते. चंडीगढजवळच्या चंडीमंदिर छावणीत त्यांची बदली झाली तेव्हा मी नववीत होतो. ते निवृत्त होऊन साताऱ्याला परतले. मी इथंच राहिलो, चंडीगढ पोलिसांत सहायक उपनिरीक्षक म्हणून लागलो आणि चढत चढत औद्योगिक भागातल्या एका ठाण्याचा प्रमुख झालो. ठाण्यात हिंदी आणि पंजाबी, घरात मराठी. मराठीचा तपासात कधी उपयोग होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळची हजेरी घेऊन मी रोजनामच्यावर, म्हणजे ठाण्याच्या डायरीवर, सही करत होतो. तेवढ्यात एक तरुणी दारात आली. तिला मी ओळखत होतो. मूळची नाशिकची, नवरा मोहालीत आयटीत, राहायला जवळच्या खरड गावात. गणपतीत आम्ही मराठी माणसं एकत्र जमतो, तिथं भेट व्हायची. ती शहरातल्या एका सेवाभावी संस्थेत खरेदीचं काम पाहत असे. संस्था दर हिवाळ्यात उघड्यावर झोपणाऱ्यांना रजया वाटायची.

"काका, बसू का? महत्त्वाचं बोलायचंय."

पाणी प्यायल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली. आदल्या दिवशी रजयांचा टेम्पो संस्थेच्या गोदामात आला होता. सोबत पुरवठादाराचा मुकादम आणि गठ्ठे उतरवायला दोन बायका. त्यातली एक बाई गठ्ठे मोजत होती, आणि मोजत होती मराठीत. परमुलखात मराठी कानावर पडलं म्हणून ही आनंदानं जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, कुठल्या तुम्ही?"

बाईनं मान वर केली नाही. मोजणं थांबवलं नाही. त्याच सुरात ती म्हणत राहिली, "चौतीस, पस्तीस, आमी सोळा जनी, छत्तीस, भाईरून कुलूप, सदतीस, अडतीस, माही पोरगी तठी अडकून हाये, एकोणचाळीस."

मुकादम चार हातांवर उभा होता. त्याला नुसते आकडे ऐकू आले.

मी पेन खाली ठेवलं. "जागा कुठली, ते सांगितलं?"

"नाही काका. तिलाच माहीत नसावं. चाळिसाव्याला टेम्पो रिकामा झाला."

पोलिसाला खबरी बरेच मिळतात. पहाऱ्याखाली उभं राहून, आकड्यांच्या आड लपवून फिर्याद देणारी बाई मला त्या एकाच वेळी भेटली.

मी विचारलं, "माल घेण्याआधी तुम्ही कारखाना पाहिला नव्हता?"

"पाहिला होता ना!" तिनं मोबाईल पुढे केला. "तारीख ठरवून गेले होते. सगळं चकाचक होतं."

फोटोतला कारखाना माझ्याच हद्दीत होता. रांगेत शिलाई यंत्रं, त्यांवर वाकलेल्या बायका, चेहरे ओढणीआड. मी फोटो मोठा केला आणि वर छताकडे गेलो. पंख्याची पाती स्वच्छ होती. जिथं कापूस पिंजून रजया भरतात तिथं पंख्यावर पांढऱ्या तंतूंचा थर बसतो, तो कितीही झाडला तरी जात नाही. शिवाय सगळ्या ओढण्या एकसारख्या, आणि त्यांवर घडीच्या रेषा तशाच. नुकत्याच पिशवीतून काढल्यासारख्या.

"इथं रजया बनत नाहीत. इथं फक्त पाहुणे येतात," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी तपासणी केली, आणि मला नाटक दाखवलं?"

"हो. आणि तारीख तुम्हीच दिलीत."

लेखी तक्रार घेतली, गुन्हा नोंदवला, वरिष्ठांना कळवलं आणि साध्या कपड्यांत संस्थेच्या कार्यालयात गेलो. संस्थेच्या प्रमुख म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, पंजाबी, सत्तरीच्या. वाटप चार दिवसांवर आलं होतं. वर्तमानपत्रात बातमी आली तर देणगीदार पाठ फिरवणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांचे सहकारी म्हणालेही, "मॅडम, पहले बाँट लेते हैं, फिर देखेंगे."

बाई उठून उभ्या राहिल्या. "किसी की क़ैद से आई हुई रजाई मैं नहीं बाँटूँगी. बोलिए अफ़सर साहब, क्या करना है?"

बेत साधा होता. पुरवठादाराला कळवायचं की वीस रजयांची शिवण उसवली आहे, घेऊन जा आणि नीट करून द्या. रजया दुरुस्तीला जिथं जातील तिथं कारखाना असणार. आमच्या नाशिकच्या मुलीनं स्वतः कात्री घेऊन शिवणी उसवल्या. पुरवठादारानं फोनवर माफी मागितली आणि वर म्हणाला, "उद्या चार वाजता फॅक्टरीत या ना. कारागिरांशीच बोला, शंका राहायला नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला टेम्पो निघाला. मागे स्कूटरवर माझे हवालदार आणि महिला शिपाई, नवरा-बायकोसारखे. त्यांच्या बरंच मागे मी, खासगी गाडीत. टेम्पो झिरकपूरच्या दिशेला लागला. झिरकपूर पंजाबात, आमची हद्द संपली. तिथल्या ठाणेप्रमुखाला मी सकाळीच सावध करून ठेवलं होतं. आता पुन्हा फोन लावला.

"जनाब, तुसी आओ," तो म्हणाला. "मैं गड्डी विच बैठ गया हाँ." तो गाडीत बसलाही होता.

आणि मग पुलाखाली कोंडी लागली. विमानतळाच्या रस्त्याचे ट्रक, बस, लग्नाची एक मिरवणूक. पंधरा मिनिटांत स्कूटरवाल्यांचा फोन आला, "सर, टेम्पो पटियालाच्या रस्त्याला वळला आणि हरवला."

मी गाडीतून उतरून चालायला लागलो. काय शोधायचं ते मला ठाऊक होतं. पटियालाच्या रस्त्याला लागून, नव्या इमारतींच्या मागे, शेतांकडे जाणाऱ्या तीन गल्ल्या होत्या. पहिलीत काही नाही, दुसरीत काही नाही. तिसऱ्या गल्लीत विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर, एका पत्र्याच्या शेडच्या कुंपणावर पांढरे पुंजके चिकटले होते. भर दुपारी जणू बर्फ पडलेला. फाटकाला बाहेरून कुलूप होतं आणि आत आमचा टेम्पो उभा होता.

पंजाब पोलिसांचे लोक आले, त्यांच्यासोबत उपविभागीय दंडाधिकारी आले. तीन वाजून दहा मिनिटांनी कुलूप तोडलं.

आत श्वास घेणं कठीण होतं. कापसाच्या धुरळ्यात बायका खोकत होत्या. केस, पापण्या, भुवया पांढऱ्या. त्यांना वाटलं आम्ही त्यांनाच धरायला आलोय, म्हणून त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. महिला शिपायांनी टोप्या काढल्या, खाली बसून बोलायला लागल्या, तेव्हा कुठं एकीनं विचारलं, "हम बाहर जा सकते हैं?"

मी मोजल्या. बारा.

कुलूप लावून सटकणाऱ्या मुकादमाला शिपायांनी गल्लीतच धरलं होतं. त्याला बाजूला घेतलं. "बाकीच्या चार?"

"बारह ही हैं साहब. गाँव चली गई होगी कोई."

चौकशीत आवाज चढवायचा नाही, ही माझी जुनी सवय. मी शेडभर फिरलो. चुलीजवळ धुतलेली ताटं पालथी घातली होती. ती मोजली आणि मुकादमाला त्यांच्यासमोर आणून उभं केलं.

"सोळा ताटं आहेत. अजून ओलीच आहेत. दुपारी सोळा जणी जेवल्या. चार कुठं गेल्या?"

तो मागे मागे फाटकाकडे सरकू लागला. त्याच वेळी माझ्या हातातला, त्याच्याकडून जप्त केलेला फोन वाजला. पडद्यावर लिहिलं होतं 'सेठ'. वाजून थांबला. परत वाजला. सेठ म्हणजे पुरवठादार, या सगळ्याचा मालक; त्याला संशय येत होता. आमच्याकडे फार वेळ नव्हता.

तेवढ्यात मला ती दिसली. सहा वर्षांची मुलगी, एका बाईच्या मागे लपलेली. कुणी हिंदीत विचारलं की नुसती मान हलवायची. मी तिच्यासमोर बसलो आणि मराठीत विचारलं, "बाळा, जेवलीस का?"

तिनं डोळे मोठे केले. "तुम्हाले आमचं बोलनं येते?"

"येतं की. आई कुठं गेली?"

"आई नव्या ओढनीच्या घरी गेली. तठी मले नेत नाईत. म्या अठी राह्यलो की आई वापस येते."

मला सगळं लख्ख दिसलं. चार वाजताच्या पाहुण्यांसाठी त्या चौघींना नव्या ओढण्या देऊन माझ्याच हद्दीतल्या त्या चकाचक कारखान्यात बसवायला नेलं होतं. पोर इथं ठेवली की आई तिथं तोंड उघडत नाही, आणि पळूनही जात नाही.

नाशिकची मुलगी आमच्या एका महिला हवालदारासोबत त्याच कारखान्यासमोर चहाच्या टपरीवर चार वाजायची वाट पाहत बसली होती. हवालदार साध्या वेशात, ऑफिसातली सहकारी म्हणून. मी फोन केला.

"आत्ता आत जा. त्या चार बायका तिथं आहेत. मी येईपर्यंत मालकाला हलू द्यायचं नाही. जमेल?"

"पक्का, काका."

मुलीला आणि बायकांना महिला शिपायांच्या हवाली करून मी निघालो. झिरकपूरची तीच कोंडी, आता उलट्या दिशेनं. ठाण्यातून वर्दीतली माणसं धाडायची नाहीत, सायरन लावायचा नाही, मालक बिथरेल. वाहतूक शिपायाला खिडकीतून ओळखपत्र दाखवत, फुटपाथवरून चाक चढवत आमचा चालक गाडी हाकत होता. सेठचा फोन माझ्या मांडीवर वाजतच होता.

कारखान्याच्या आत काय चाललं होतं ते नंतर महिला हवालदारानं सांगितलं. मालक चौघींना मागच्या दारानं गाडीत बसवायला निघाला होता. आमची मुलगी मधेच उभी राहिली आणि म्हणाली, "सर, बस दो मिनट. ही शिवण कशी घालतात ते यांनी करून दाखवलं तर मला रिपोर्टमध्ये लिहिता येईल." एक शिवण झाली. मग दुसरी. मग तिनं फोटो काढायचा म्हटलं, मग उजेड कमी आहे म्हटलं, मग यंत्र खिडकीजवळ सरकवायला लावलं. पंचवीस मिनिटं तिनं त्या माणसाला नाचवलं. शेवटी तो ओरडला, "निकलो सब!" आणि गोदामात आकडे मोजणाऱ्या त्या मराठी बाईचा दंड धरला.

आमच्या हवालदारानं त्याचं मनगट पकडलं तेव्हा मी दारात पोचलो होतो.

ती बाई यंत्राला टेकून उभी होती, अंगावर करकरीत नवी ओढणी. मी म्हणालो, "ताई, घाबरू नका. कुलूप तोडलं."

तिनं दुसरं काहीच विचारलं नाही. "माही पोरगी?"

मी शेडवरच्या महिला शिपायाला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर कापसानं पांढरं झालेलं इवलंसं तोंड दिसलं. "आई, अठी लई पोलीस आले. मले बिस्कीट देल्लं." बाई तिथंच फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडली. आमची नाशिकची मुलगीही तिला धरून रडली. हवालदार खिडकीबाहेर पाहत राहिली. मीसुद्धा.

मालकाच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात सोळा आधार कार्डं सापडली. चौकशीत मालक शेवटपर्यंत एकच पालुपद लावून बसला, "साहब, मैं तो पुण्य का काम करता हूँ. माल ग़रीबों को ही जाता है." ती कार्डं एकेक करून टेबलावर मांडली आणि विचारलं, "मग ही तुमच्याकडे कशाला?" तेव्हा कुठं तो हळूहळू खरं बोलायला लागला. कामाचं आमिष दाखवून बायकांना आणणारा दलालही त्यातूनच हाती लागला. सोळा जणींना वेठबिगारीतून मुक्तीचे दाखले मिळाले. आमची मराठी बाई लेकीला घेऊन वाशीम जिल्ह्यातल्या आपल्या गावी गेली; कोर्टात साक्षीला आली तेव्हा अख्खा जबाब मान वर करून दिला.

मुद्देमाल म्हणून रजया जप्त झाल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी सेक्टरासेक्टरांत दारं ठोठावली आणि लोकांनी कपाटातली पांघरुणं दिली. वाटप एक दिवस उशिरा झालं, पण झालं. देणगीदारांच्या सभेत त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, दरवर्षी सगळ्यांत कमी भाव देणाऱ्याकडून माल घेतला आणि त्याचा अभिमान बाळगला; इतक्या कमी भावात रजई कशी बनते, हे कधी विचारलं नाही.

त्यानंतर संस्थेनं रीत बदलली. तपासणीला न सांगता जायचं. जिथं माल बनतो तिथंच जायचं, कार्यालयात नाही. मुकादमाला बाहेर ठेवून कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलायचं, आणि कार्डं कुणाकडे आहेत ते विचारायचं. पुरवठादार काम पुढे दुसऱ्याला देत असेल तर तिथवर पोचायचं. या तपासानं मलाही एक गोष्ट शिकवली. तोवर मी चांगल्या कामाच्या पाटीला सलाम करून पुढे जात असे. हेतू चांगला असला की माणूस तपासायचं विसरतो, आणि गुन्हेगाराला हे आपल्याआधी कळलेलं असतं.

निवृत्तीनंतर एकदा मुख्याध्यापिकाबाईंनी मला नव्या पुरवठादाराकडे सोबत नेलं, अर्थात न कळवता. मी आत शिरलो आणि पोलिसी सवयीनं इकडेतिकडे पाहायला लागलो. यंत्रावरची एक बाई हात थांबवून माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "आप कौन? पहले अपना कार्ड दिखाइए." मी खिसे चाचपले, कार्ड घरीच राहिलं होतं. "तो फिर बाहर बैठिए," ती म्हणाली. मग आपलं पाकीट उचलून, कुणालाही न विचारता, फाटकातून सरळ चहा प्यायला निघून गेली.

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. इतक्या आनंदानं मी कुणाचा हुकूम कधी मानला नव्हता.