भावाचा उपास

आई गेली तेव्हा भावानं मला तिचं तोंडही बघू दिलं नाही. शिराळ्याहून साताऱ्याला फोन आला तोवर सगळं उरकलं होतं. ‘भाऊ मला मेला,’ असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावाच्या आयुष्यासाठी उपास धरतात, तो यंदा मी धरणार नव्हते. मुद्दाम सकाळीच भाकरी थापल्या, वांग्याचं कालवण केलं, सगळ्यांना वाढलं. दुपारी सून म्हणाली, "आवं आई, तुमी सकाळपासनं नुसत्या चहावरच हायसा." माझं ताट ओट्यावर झाकलेलं तसंच होतं. संतापानं मी घास तोंडात कोंबला, तो गिळवेना. आईला जाळताना भावानं मला विचारलं नाही. त्याच्यासाठी मला उपाशी ठेवताना माझ्या मनानंही विचारलं नाही.