चकचकीत तोंडाचा ट्रक

आमच्या पनवेलच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात माल थोडा आणि किस्से फार साठतात. माल निदान कुणीतरी सोडवून नेतं! किस्से तसेच पडून राहतात. मी बी. ए. होऊन इथे पावत्या फाडायला बसलो, तेव्हापासून ते माझ्या डोक्यात तुंबलेत. लोक ऐकून हसतात. मला संताप येतो. तुमचं तुम्ही बघा.

आमचे मालक दामूशेठ. त्यांचं एकच वेड, ट्रकचं तोंड! पुढची जाळी, बंपर, दिव्यांच्या रिंगा, सगळ्यावरचं निकलचं पाणी आरशासारखं पाहिजे. आणि ट्रक वाहतो काय, तर उरणकडचं मीठ! खाऱ्या हवेनं आज घासलेलं उद्या पुन्हा मंद. म्हणून ड्रायव्हर अंतूदादा रोज सकाळी फडकं घेऊन बंपरपुढे उकिडवा. त्याचं मागणं एकच, "शेठ, बिरेक धरत नाय. पयले त्याचं बघा."

"बघू रे," शेठ म्हणायचे. "आधी ती जाळी बघ. काळवंडलीय!"

*

एकदा पॉलिशची डबी संपली. शेठ म्हणाले, "चिंच आणि राख घे. त्यानं देवाची पितळी भांडी लख्ख निघतात, मग तुझा बंपर काय देवापेक्षा मोठा?"

अंतूदादानं घास घास घासलं. मळ निघाला आणि त्यामागोमाग निकलही निघालं! खालचा तांबूस थर डोकावायला लागला. आमचे मेस्त्री उस्मानचाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "या खुदा! शेठ, पितळेचं औषध निकलला दिलंत!"

शेठ मात्र खूश. रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून दाखवायला लागले, "बघा, बघा! आतून तांबं! अस्सल माल आहे!"

*

जासईच्या मिठागरावर मीठ भरत होतो. अवकाळी पाऊस आला. ताडपत्री एकच. अंतूदादा ती पोत्यांवर टाकायला धावला, तर शेठनी मधेच अडवून ट्रकच्या तोंडावर टाकायला लावली. ज्याचं मीठ तो व्यापारी थयथयाट करतोय, "अहो, माझं मीठ विरघळतंय!"

शेठ शांतपणे दोरी आवळत म्हणाले, "मीठ तुमचं आहे. बंपर माझा आहे!"

*

पासिंगला इन्स्पेक्टर आला, तेव्हा मला वाटलं, आता तरी न्याय होईल. स्वतंत्र देशाचा अधिकारी! साहेब ट्रकपुढे वाकले. बंपरमध्ये त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. त्यांनी टाय सरळ केला. खिशातून कंगवा काढून भांग नीट केला. मग उठून म्हणाले, "छान ठेवलीय गाडी. पास!"

मी पुढे झालो. "साहेब, ब्रेक तपासायचे राहिले!"

साहेबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मिस्टर, ज्याचा बंपर असा, त्याचे ब्रेक कसे असतील!"

*

पुण्याच्या खेपेला निघताना अंतूदादानं पुन्हा ब्रेकचं काढलं. शेठनी आत जाऊन नारळ आणला. "घाटात शिंगरोबाच्या देवळापुढे फोड. तो सांभाळतो."

नारळ फुटला. परतीला, घाट उतरताना, ब्रेकनं दगा दिला. अंतूदादानं दरीची बाजू सोडून ट्रक डोंगराला घासत, आपटत थांबवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक ओढून यार्डात आणला, तेव्हा त्याच्या कपाळाला रक्तानं माखलेलं फडकं बांधलेलं. तेच, पॉलिशचं!

शेठ धावत बाहेर आले आणि थेट बंपरपाशी बसले. पोचा आलेल्या जागेवर हात फिरवत कळवळले, "अरेरे! निकल उडालं की रे!"

मी ओरडलो, "शेठ, माणसाचं कपाळ फुटलंय!"

"कॉलेजवाले, कपाळ भरून येतं. निकल भरून येतं का?"

बंपर ठोकून सरळ झाला. अंतूदादा त्याला घासायला बसला. ब्रेकचं तेवढं राहिलं.

*

मग शेठच्या मुलीचं लग्न निघालं. मुलाकडचं वऱ्हाड लोणावळ्याहून यायचं होतं. आठवडाभर अंतूदादा ट्रकवर राबला. जाळीला आंब्याची पानं, रिंगांना झेंडूच्या माळा. बंपर असा लखलखत होता की उस्मानचाचा लांबूनच डोळे मिचकावत म्हणाले, "अंतू, नवऱ्यामुलापेक्षा हाच देखणा!"

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी शेठ आले, गाडीभोवती एक फेरी मारली, प्रसन्न झाले. अंतूदादानं विचारलं, "शेठ, वऱ्हाड आणाया कवा निघू?"

"तू? छे, छे! वऱ्हाडाला मी दुसऱ्याची गाडी सांगितलीय. ही नुसती मांडवापुढे उभी करायची."

"का वो शेठ? येवढी चकाचक केली!"

शेठनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अरे, घाट उतरायचाय. घरची माणसं आहेत!" मग जाता जाता म्हणाले, "लग्न उरकलं की पुण्याची खेप आहे. तू तयार राहा."

अंतूदादा बंपरमध्ये बघत उभा राहिला. कपाळावरची खूण त्यात स्पष्ट दिसत होती. मग त्यानं शेठना हाक मारली, त्यांचा हात धरला आणि हातातलं फडकं त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

"घ्या शेठ. पुसा तुमी आता."