गप्प बसण्याचा नाश्ता

वर्ना स्टिडमला गावात कोणी गोड स्वभावाची म्हणत नसे. नवरा गेल्यावर केंटकीच्या डोंगरवाटांवर शाळेची पिवळी बस चालवायची आणि घरी येऊन कोंबड्या पाळायच्या, एवढाच तिचा संसार. माणसांशी तुसडी, पण बसमधल्या पोरांवर जीव टाकायची. बस गेली असती तर तिच्याजवळ उरायचं काय?

त्या सकाळी खुराड्यावर एक तपकिरी पक्षी उतरला. ससाणाच असणार, असं समजून तिनं नवऱ्याची बंदूक उचलली आणि बार काढला. जवळ जाऊन पंख उलगडला तेव्हा चूक कळली. कोवळा गरुड होता, अमेरिकेचा राष्ट्रपक्षी. या गरुडाचं डोकं पांढरं व्हायला काही वर्षं जावी लागतात हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण कोंबडीचा जीव चाललेला असताना कोणाला सुचतं? गरुड मारणं म्हणजे थेट वॉशिंग्टनच्या कायद्याचा गुन्हा, आणि गुन्हेगार बाईच्या हातात शाळा बस देत नाही. तिनं तो सफरचंदाच्या झाडाखाली पुरला. वळून पाहते तर कुंपणापलीकडे शेजारचा हार्लन प्रुइट, हातात फोन घेऊन.

"फोटो झकास आलाय," तो म्हणाला. "घाबरू नकोस गं. मी काय चहाडखोर आहे? फक्त बायको गेल्यापासून धड नाश्ता नाही बघ पोटाला."

हा हार्लन चर्चमध्ये दानाचं ताट फिरवायचा. दुसऱ्या दिवसापासून तो वर्नाच्या टेबलाशी येऊन बसू लागला. अंडी मऊ हवीत, बेकन करपलेलं नको, ग्रेव्ही दाट हवी. बोटं चाटायचा आणि टेबलाच्या कापडाला पुसायचा. मग मळके कपडे आणू लागला, त्यात पायमोजेसुद्धा. जरा कपाळाला आठी दिसली की फोन काढून बशीशेजारी ठेवायचा. असल्या माणसाची किळस येते ती तो दुष्ट असतो म्हणून नाही. तो पोटभर जेवून वर आपल्याला भला माणूस समजतो म्हणून.

थंडी पडली तशी एके दिवशी तिच्या पाठीवर तुपकट हात ठेवून तो म्हणाला, "दोन दोन घरं कशाला तापवायची, वर्ना? विचार कर. फोटो कुठं पळून जात नाही."

तो गेल्यावर तिला किळस आली. त्याचा हात आठवून आलीच, पण त्याहून जास्त आपलाच हात आठवून. जायच्या आधी त्यानं बशी पुढे केली होती आणि तिनं न बोलता आणखी एक अंडं वाढलं होतं. ती कोट चढवून तडक वन्यजीव खात्याच्या कचेरीत गेली.

तिथल्या अधिकारी टकेटबाई वयानं तिला मुलीसारख्या. वर्नानं सगळं सांगून टाकलं, हार्लनसकट.

"पैसे मागितले त्यानं?"

"छे. नाश्ता. धुणं. आणि आता मीच. पण पोरी, तो खोटं कुठं बोलत होता? गरुड मी मारलाच."

"खरं सांगायला कोणाला बंदी नाही, वर्नाबाई. त्यानं आम्हाला कळवलं असतं तर आम्ही आभार मानले असते. तो गप्प बसण्याची किंमत घेत राहिला, तिथं त्याचा गुन्हा झाला. किंमत पैशातच हवी असं नाही. अंडीही चालतात." टकेटबाईंनी कागद पुढे ओढला. "तुमचंही मला लिहावंच लागेल. आणि शाळेला कळेल."

"लिही."

सकाळी हार्लन नेहमीसारखा खुर्ची ओढून बसला. वर्नानं शेगडी पेटवली नव्हती.

"मी स्वतःच सांगून आले काल," ती म्हणाली. "सगळं."

तो घाबरेल असं तिला वाटलं होतं. तो दुखावला. अगदी मनापासून दुखावला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं मेल्याच्या.

"आणि मी इतके महिने तोंड शिवून बसलो, त्याचं काय?" तो म्हणाला. "तुझ्यासाठी एवढं केलं, वर्ना. मला विचारायचंस तरी."

"ऊठ," ती म्हणाली. "मला बसच्या किल्ल्या परत करायला जायचंय."