कानड्यांचं नाक

त्यांचं आडनाव कानडे. पण कतारमधल्या आमच्या अल वक्राच्या कंपाउंडमधली मराठी मंडळी त्यांना नाकाडे म्हणत, आणि तोंडावर म्हणत. कुठलीही गाडी सुरू झाली की हा माणूस तिच्या मागे जाऊन उभा राही, डोळे मिटून हुंगे आणि निकाल देई. "पेट्रोल जास्त पितेय." "प्लग काळे पडलेत, बघून घ्या." माझ्या नव्या गाडीमागे त्यांनी एकदा असंच हुंगलं आणि मान हलवली. "हिला काही वासच नाही. हिच्याशी काय बोलणार?"

वर्ल्ड कपच्या कामाचे ते दिवस. मी स्टेडियमच्या प्लॅनिंगला, कानडेकाका तिथल्याच कूलिंगला. सकाळी ज्या रस्त्याने जावं तो संध्याकाळी खणलेला असे. घरी पोचल्यावर कुणाशी बोलायचीही ताकद नसायची. लोक बूट काढून सोफ्यावर आडवे होत, काका मात्र शेडखाली जाऊन बॉनेट उघडत. कतार सोडून जाणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी जुनी अमेरिकन गाडी घेतली होती. साडेसात लिटरचं इंजिन आणि बोटीएवढी लांबी. त्यांच्या पत्नी मंगलवहिनी म्हणायच्या, "त्यात आम्ही दोघं बसलो की लग्नाच्या हॉलमध्ये दोनच पाहुणे आल्यासारखं वाटतं."

आमच्या साइटवर प्रत्येक गोष्ट हिशोबापेक्षा एक माप मोठी मागवायची पद्धत होती. पंप असो, पंखा असो, केबल असो. त्याला मार्जिन म्हणायचे. काकांनी कार्ब्युरेटरसुद्धा मार्जिन ठेवूनच मागवला, शर्यतीच्या गाडीला शोभेल असा साडेआठशेचा, म्हणजे मिनिटाला साडेआठशे घनफूट हवा घेणारा. कार्ब्युरेटर हवेत पेट्रोल मिसळतो. त्याचं तोंड गरजेपेक्षा मोठं असलं की हळू चालताना आतली हवा मंदावते आणि पेट्रोल नीट उचलत नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी सुसाट जाई. पण त्या वर्षांत मोकळा रस्ता होता कुठे? डायव्हर्जनच्या रांगेत ती खोकायची, पाय दाबला की घुसमटायची. एकदा राउंडअबाउटच्या मध्यावर बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ. वहिनी शांतपणे उतरल्या, टॅक्सी केली आणि जाताना म्हणाल्या, "मला बाजारात जायचंय, शर्यतीत नाही."

काका चिडले नाहीत. कार्ब्युरेटर काढला आणि त्याहून लहान, साडेसातशेचा बसवला. त्याची मागची दोन तोंडं इंजिनाने खरंच ओढ घेतली तरच उघडायची. उन्हाळ्यात पेट्रोल आतच उकळू नये म्हणून खाली जाड, उष्णता न पोचवणारी चकती घातली. मग कित्येक शुक्रवार त्यांनी फक्त गाडी उभी असताना इंजिन कसं चालतं एवढंच पाहिलं. मी विचारलं, "काका, चालवणार कधी?"

"पळवायला काय, कुणीही पळवेल. हिला उभं राहायला शिकवतोय."

हे वाक्य मी पुढे एका मीटिंगमध्ये वापरलं. सगळी कामं एकाच वेळी रेटायची टूम निघाली होती तेव्हा. कुणाला कळलं नाही. पण मी माझ्या माणसांना शुक्रवारची सुट्टी मिळवून दिली.

मग कोविड आला. काकांना झाला, आठवडाभर तापले, उठले. त्यानंतर त्यांचं हुंगणं बंद झालं. मला वाटलं, थकले असतील. थकलेले आम्ही सगळेच होतो. एके संध्याकाळी कामावरून येते तो शेडपाशी पेट्रोलचा भपकारा. काका बॉनेटमध्ये वाकलेले, कार्ब्युरेटरच्या नळीतून पेट्रोल गळून त्यांच्या चपलेशी डबकं झालेलं.

"काका! गळतंय!"

त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे. आधी इंजिन बंद केलं, नळी आवळली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून. वास काहीच येत नाही. फोडणीसुद्धा नाही. घरी सांगू नका."

"वहिनींना कळलं नसेल?"

"कळलंय. मी सांगितलेलं नाही एवढंच."

वेळही वाईट होती. कूलिंगचं काम संपत आलं होतं, काकांना नाशिकला परतायचं होतं. गाडीला एकच गिऱ्हाईक होतं, मुऐदर भागातले अबू नासर. ते न घेतील तर ती भंगारात जाणार. त्यांची अट साधी होती. "अम्मी बैठेगी. पेट्रोल का बू नहीं मंगता." आणि काकांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "नहीं आएगा, इन्शाल्ला."

मला गाड्यांत रस नव्हता, आजही नाही. पण नाक होतं. गळती थांबली होती, आता हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवायचं होतं; पेट्रोल जास्त झालं की वास येतो. मी पर्स बॉनेटजवळच्या स्टुलावर ठेवली आणि मागे जाऊन उभी राहिले. काकांनी इंजिनाची ओढ मोजणारं व्हॅक्यूमचं मीटर जोडलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला.

"बोला."

"डोळे चुरचुरताहेत."

"आता?"

"तरी चुरचुरताहेत. कमी."

"आता?"

"आता बरं आहे."

"बरं म्हणजे कसं? डॉक्टरला सांगता तसं सांगू नका."

मी पुन्हा हुंगलं. "गरम इस्त्रीसारखं."

ते थांबले. इंजिन एका सुरात चाललं होतं. "काटाही तेच म्हणतोय," ते म्हणाले. "पण काट्यावर माझा कधी विश्वास नव्हता. खलास. राहू दे तिथेच."

अबू नासर आईला घेऊनच आले. म्हातारी मागच्या सीटवर बसली, काच खाली केली, कंपाउंडला एक फेरी झाली. इंजिन चालू ठेवून गाडी फाटकापाशी बराच वेळ उभी होती, आत मायलेकांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. काका हाताची घडी घालून पाहत होते. मग म्हातारीने आतूनच हात हलवला, यल्ला, चला आता, आणि गाडी अबू नासरांची होऊन रस्त्याला लागली.

काका सवयीने चार पावलं तिच्या मागे गेले. डोळे मिटले. मग लक्षात आल्यासारखे वळले.

"काय येतंय?"

"धूळ."

"पेट्रोल?"

"नाही."

"जरासुद्धा नाही?"

"नाही, काका."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "मलाही पेट्रोल तेवढंच येतंय."