बहीण म्हणून

मानसोपचाराचं एमडी झाल्यावर ताईने व्यसनमुक्तीची फेलोशिप घेतली. घरच्यांना वाटलं, धाकट्या भावासाठीच घेतली. तिने तो समज मोडला नाही. खरं तर, दारू पिऊन आला म्हणून तिनेच त्याला आपल्या लग्नातून हाकललं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

एकदा वॉर्डात एका पेशंटची बहीण तणतणली, "याला लाजच नाही हो! मनात आणलं तर सुटेल की."

"अहो, हा आजार आहे," ताई समजावू लागली आणि मध्येच अडखळली. लग्नात चारचौघांत भावाला ती अगदी या बहिणीसारखंच बोलली होती.

दुपारी जिन्यात उभं राहून तिने त्याला फोन लावला.

"माझं चुकलं रे. तुला तसं बोलायला नको होतं."

त्याने विचारलं, "डॉक्टर म्हणून बोलतेयस की बहीण म्हणून?"

"बहीण म्हणून."

"मग घरी ये. उपदेश तेवढा नको."

रविवारी त्याने दार उघडलं, तेव्हा तोंडाला वास येत होताच. ती चपला काढून आत गेली. मनातली टोचणी काही गेली नाही, पण संध्याकाळपर्यंत ती त्याच्याजवळ बसून राहिली.