झाडाला टांगलेलं हाड

साल दोन हजार एकोणीस. वय सत्तावन्न, नोकरी संपत आलेली. ती घटना अजून डोळ्यांपुढून हलत नाही, आणि मीही ती हलवत नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार झालो. पण लोक शेवटपर्यंत जमादारच म्हणत. त्याच पावसाळ्यात माझी बायको गेली. तरुणपणी तिची नडगी मोडली होती. हाडवैद्यानं बांबूच्या कांबी बांधल्या, हाड वाकडं जुळलं. मग धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, चिखलात तिला उभं राहवेना. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून गाणं धरायची, आणि बायका खाली बांधीत, पाण्यानं भरलेल्या वाफ्यात, रोवत जायच्या.

आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत, जमिनीवरही ठेवत नाहीत. नदीत शिरवेपर्यंत, म्हणजे विसर्जन होईपर्यंत, झाडाला टांगतात. तिच्या अस्थींचं गाडगं मी घरामागच्या मोहाला टांगलं होतं. लोक विचारत, "जमादार, कधी शिरवता?" मी म्हणायचो, बंदोबस्त आहे. थंडी आली तरी माझा बंदोबस्त संपला नव्हता.

अशाच एका सकाळी दवाखान्याचे डॉक्टर स्वतः ठाण्यात आले. त्यांचा माणूस नागपूरहून बर्फाचा थर्मोकोलचा डबा घेऊन येत होता. काळीपिवळी जीपमधून ब्रह्मपुरीला उतरेपर्यंत डबा गायब.

"काय होतं डब्यात?"

"हाडात भरायचं जेल."

"कोणाचं हाड?"

"कोणाचंच नाही, जमादार. ना माणसाचं, ना जनावराचं. कारखान्यात बनतं. स्लॅब टाकताना सेंट्रिंग लावतात ना, तसं समजा. हे जेल पाणी धरून हाडाच्या फटीत बसतं, त्याच्या आधारानं शरीर आपलं नवं हाड बांधतं. फक्त ही सेंट्रिंग काढावी लागत नाही. काम झालं की आपोआप विरघळते."

धानाच्या चुरणीत, मळणी चालू असताना, एका बाईचा पाय ट्रॅक्टरखाली आला होता. तिच्या नडगीत दोन बोटांची फट होती. ऑपरेशन आजच. बर्फ वितळला तर माल वाया, दुसरा यायला महिना. तोवर पाय राहील याची हमी डॉक्टर देईनात.

स्टेशन डायरीला नोंद करून मी दवाखान्यात त्या माणसाचा जबाब घ्यायला गेलो. त्यानं रडतरडत एवढंच सांगितलं की डबा त्यानं सगळा रस्ता मांडीवरच धरला होता, कोणाच्या पायाशी ठेवू दिला नव्हता. उतरताना गर्दी झाली, पैसे द्यायला खाली ठेवला, तेवढ्यात गेला. शेजारच्या खाटेवर ती बाई पडली होती. मला हाक मारून म्हणाली, "जमादार भाऊ, रोवण्याले उभी राहीन का मी?"

मी जबाबाचा कागद खिशात घातला आणि निघालो.

परत आलो तर ठाण्यासमोरची चहावाली हसून लोटपोट. ती माझी जुनी खबरी. "भाऊ, तुमचा तो नेहमीचा पाकीटमार पाहा ना! कपड्यासकट नदीत आंघोळ करून आला. दात वाजून राह्यले त्याचे. जो दिवाळीलेबी आंघोळ करत नाई!"

तिला हसू येत होतं, मी मात्र थबकलो. हा गडी काळीपिवळीतच हात मारायचा, आणि कपड्यांसकट आंघोळ माणूस मसणातून आल्यावरच करतो. उचलून आणला. मारलं नाही, घोंगडी दिली, चहा दिला.

"काऊन रे, कोन मेला तुया घरी?"

"कोनी नाई, साहेब."

"मंग सुतक कोनाचं?"

तो घोंगडीत तोंड घालून बसला. मग म्हणाला, "मी खिसे कापतो, मेलेल्याले नाई लुटत. तो मानूस डबा पायाशी ठेवू देत नव्हता, मले वाटलं सोनं हाय. उघडून पाह्यलं तं आत 'बोन' लिवलेलं. दहावी नापास हाय, पन बोन म्हंजे हाड, एवढं समजते मले. कोनाच्या तरी अस्थी व्हत्या, साहेब!"

"डबा कुठी हाय?"

"नदीकाठी, करंजीच्या झाडाले. जमिनीवर कसा ठेवू?"

"शिरवला काऊन नाई?"

"मी कोन शिरवनारा? ज्याचं मानूस त्यानंच शिरवावं. पन त्यायले लवकर सांगा, साहेब. टांगून ठेवलं की मानूस अडकून राह्यते."

त्याच्या तोंडाकडे मला पाहवलं नाही. जीप काढायला सांगितली.

डबा करंजीच्या सावलीत, गार वाऱ्यात लोंबत होता. आत बर्फ शिल्लक होता. मुद्देमाल सील करून ठाण्यात नेला असता, तर कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटला नसता. मी डॉक्टरांना तिथंच बोलावलं, पंचांसमोर फोटो काढले, ओळख पटवली आणि डबा त्यांच्या हाती दिला. वरचे साहेब पुढे खूप बोलले. मी ऐकून घेतलं.

पाकीटमारावर गुन्हा लागला तो लागलाच. बाईचा पाय वाचला. दुसऱ्या वर्षीच्या रोवण्यात ती चिखलात उभी दिसली; मी रस्त्यावर सायकल थांबवून बराच वेळ पाहत राहिलो. धुऱ्यावर कोणी बसलेलं नव्हतं.

माणूस काय चोरतो यावरून तो समजत नाही, कशाला हात लावायला भितो यावरून समजतो, हे मी त्या केसमध्ये शिकलो. आणि एक सेंट्रिंगचं. फट भरेपर्यंत धरून ठेवायचं, मग विरघळायचं. माझी फट काही भरली नव्हती. आजही नाही. पण अडकून मी राहिलो होतो, तिनं का राहावं?

डबा सापडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी रजेचा अर्ज टाकला होता. मोहाला बांधलेल्या दोरीची गाठ पावसानं घट्ट बसली होती. विळा जवळ होता, पण कापली नाही, नखांनी सोडवली. गाडगं छातीशी धरलं आणि वैनगंगेपर्यंत पायी गेलो, तिला झेपेल अशा चालीनं.