शामरावांनी सोललेली सावर

शामराव गजभिये यांना बसून जेवताना मी कधीच पाहिलं नाही. जेवणाची सुट्टी झाली की डाव्या तळहातावर भाकरी, भाकरीवर झुणका, आणि स्वारी कारखान्याच्या आवारात ओंडक्यांच्या थप्प्यांमधून फिरत फिरत जेवायची. मी नवा होतो. ओळख वाढावी म्हणून पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "शामराव, या, बसा." ते म्हणाले, "बसून का करू? तुमीच चाला." मी उघडा डबा घेऊन त्यांच्या मागे निघालो आणि अर्धं वरण बुटांवर सांडून घेतलं. त्यांनी ते पाहिलं, पण थांबले नाहीत.

"ठेवलेलं लाकूड अन् बसलेला मानूस, दोन्ही तडकते," असं त्यांचं मत होतं. लाकडाच्या बाबतीत ते खरंच होतं. माणसाच्या बाबतीत मी त्यांच्याशी पुष्कळ वर्षं वाद घातला, अर्थात चालता चालता.

आमचा प्लायवूडचा कारखाना सक्करदऱ्याच्या पलीकडे, उमरेड रोडला होता. सत्तर-बहात्तर सालची गोष्ट. चांद्याच्या जंगलातून ट्रक भरभरून सावर, कळंब, हळदू यायचे. ओंडके गरम पाण्याच्या हौदात मऊ करायचे आणि मग सोलायच्या यंत्रावर चढवायचे. यंत्र ओंडका गरगर फिरवी. लांबलचक पातं त्याला टेकलं की गुंडाळलेली चटई उलगडावी तसा लाकडाचा पातळ पापुद्रा अखंड बाहेर येई. असे पापुद्रे वाळवून, एक उभा एक आडवा चिकटवून दाबले की झालं प्लायवूड. चिकटवायचा गोंद शिजवणं हे माझं, म्हणजे केमिस्टचं काम, आणि सोलायचं यंत्र फोरमन शामरावांचं. गोंद सावकाश शिजतो आणि मीही त्याच जातीचा. शामराव दर दहा मिनिटांनी दारातून डोकावत. "झाला का?" मी म्हणे, वेळ आहे. "तुमचा गोंद म्हंजे नवरीचा मामा हाये, दिनकरभाऊ. सारे अक्षता घेऊन उभे, अन् मामाचा पत्ता नाही."

घरी ते आणि कौसल्यावहिनी, दोघंच. पोरबाळ नव्हतं. वहिनी जाड्या, शांत, एकेक शब्द तोलून टाकणाऱ्या. चहाला आधण यायच्या आत शामरावांचा कप पुढे असे. वहिनी गढूळ पाणी त्यात ओतून द्यायच्या आणि मला म्हणायच्या, "यायले कच्चाच चालते. तुमी थांबा भाऊजी, तुमाले चहा देतो." या दोघांचा संसार कसा टिकला, असा विनोद कारखान्यात नेहमी चाले. मला वाटतं, एकाने धावायचं आणि एकाने दार उघडं ठेवायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं.

छप्पन्न साली, ऐन तारुण्यात, शामरावांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तेव्हापासून देव, अंगारा, गंडादोरा सगळं बंद. या एका गोष्टीत त्यांची चुळबुळ नव्हती. "सोडलं ते सोडलं," एवढंच म्हणत.

बहात्तरच्या उन्हाळ्यात वहिनींच्या पोटात गाठ निघाली. धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात त्यांना दाखल केलं आणि ऑपरेशनचा दिवस ठरला. शामराव सकाळी दवाखान्यात, दुपारी कारखान्यात, संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात, अशी सायकल दामटू लागले. त्याच दिवसांत तो ओंडका यंत्रावर चढला.

सावरीचा होता, पांढराशुभ्र, सरळ. अर्धाअधिक सोलून झाला आणि कानठळ्या बसवणारा आवाज आला. पात्याचा टवका उडून तुकारामच्या दंडाला चाटून गेला. तुकाराम म्हणजे यंत्रातून येणारा पापुद्रा हातावर झेलणारा आमचा जुना कामगार. यंत्र थांबवून पाहतो तर लाकडाच्या पोटात लोखंडी खिळे. ऐरणीवर ठोकून केलेले, बोटभर लांब, सगळे एकाच उंचीवर, झाडाला वेढा घातल्यासारखे. त्यांच्याभोवती लाकूड काळंनिळं पडलेलं. झाड लहान असताना कुणीतरी ठोकले होते, आणि झाड त्यांच्यावरून वाढत गेलं होतं. बाहेरून कुणाला दिसणार?

तुकाराम जंगलपट्टीतला. दंड धरून तो म्हणाला, "हे भूत खिळलेलं झाड हाये. आमच्या गावात अशेच खिळे मारते. आता मोकळं झालं ते."

झालं. दुपारपर्यंत सगळे कामगार फाटकाबाहेर. यंत्राला हात लावायला कुणी तयार नाही. कुणीतरी उमरेडकडून एका भगताला घेऊन आलं. भगताने फाटकातूनच आत पाहिलं आणि सांगितलं, बोकड द्या, खिळे परत ठोका, नाहीतर ज्याच्या यंत्रानं ते काढले त्याच्या घरचं माणूस जाईल. सगळ्यांच्या माना शामरावांकडे वळल्या. वहिनी दवाखान्यात आहेत हे सर्वांना ठाऊक होतं.

शेठजी व्यवहारी माणूस. म्हणाले, "पूजा करून टाका, माझं काय जातं?" मीही तेच म्हणालो. शामराव भडकले. "या फाटकातून भगत आत आला का मी बाहेर. मंग चालवा तुमचा कारखाना, अन् शिजवा गोंद." ओंडका जळाऊ म्हणून विकावा, तर तो उचलायलाही कुणी पुढे येईना. सावर तर दोन-चार दिवसांत काळवंडते, कुबट वास मारते. हौदात आणखी एक ट्रक माल पडून होता. शामराव आवारात येरझारा घालत होते, हातात भाकरी नव्हती.

ऑपरेशनच्या सकाळी मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो. शामराव वहिनींच्या खाटेभोवती चकरा मारत होते आणि नर्स त्यांच्यावर डोळे वटारत होती. कारखान्यातली हकिगत वहिनींना कुणीतरी सांगितलीच होती. त्या म्हणाल्या, "इथं राहून तुमी का करान? डाक्टरच्या हातात सुरी, तुमी त्याले बी म्हणान, झालं का, झालं का. जा, अन् ते लाकूड सोला."

"आज?"

"आजच. मी वाचली तर लोकायचं तोंड बंद होईन."

"अन् नाही वाचली तं?"

वहिनी म्हणाल्या, "तरी सोलाच. माह्या मरनाचं नाव त्या झाडाले नका देऊ. एवढी का मी हलकी हाये?"

आम्ही दोघे सायकलींवर कारखान्यात आलो. शामरावांनी पटाशीने दिसतील तेवढे खिळे उपटले, नवं पातं बसवलं, ओंडका दाबून घेतला. आत आणखी किती खिळे आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कामगार फाटकातून आत सरकत शेडच्या दारापर्यंत आले, पण उंबऱ्याच्या आत कुणी येईना. शामरावांनी यंत्राच्या दांड्यावर हात ठेवला, आणि तो माणूस तसाच उभा राहिला. त्यांना असं स्थिर उभं मी प्रथमच पाहत होतो, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"दिनकरभाऊ," ते हळूच म्हणाले, "हात चालून नाही राहिला. भेव लागून राहिलं."

"भुताचं?"

"भुताचं नाही गा. तिचं काही झालं तं हे सारे म्हनतीन, झाडानं नेलं. म्हनू दे. पन मी बी म्हनीन. एखाद्या दिवशी घरात एकटा असीन अन् मी बी म्हनीन. त्याचं भेव हाये."

"मी ओढू का दांडा?" मी विचारलं.

"तुमी काहून? तिनं मले सांगतलं हाये," असं म्हणून त्यांनी दांडा ओढला.

आधी भोकं पडलेला, डागाळलेला पापुद्रा आला. मग डाग फिके होत गेले आणि एकदम पांढरं, रेशमासारखं लाकूड सळसळत बाहेर पडू लागलं. पण झेलायला माणूस नव्हता. असा पापुद्रा वेळेवर हातावर घ्यावा लागतो, नाहीतर जमिनीवर चुरगळून फाटतो. तो फाटू लागला. शामराव दांडा सोडू शकत नव्हते. मी मध्ये घुसलो आणि आणखीच फाडला. दारातले कामगार हळहळले. एवढा सुंदर माल वाया जाताना त्यांना बघवेना. शेवटी तुकाराम पट्टी बांधलेल्या हातानेच पुढे आला, मला बाजूला ढकललं आणि म्हणाला, "सरका जी. असं धरते का कोनी?" त्याने पापुद्रा झेलला. त्याच्या मागून दुसरा आला, मग तिसरा. ओंडक्याचा दांडुका उरेपर्यंत कुणी भुताचं नाव काढलं नाही.

दुपारी धंतोलीहून टेलिफोन आला. गाठ निघाली होती, वहिनी ठीक होत्या. आम्ही दवाखान्यात पोचलो, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सोललं?" शामराव म्हणाले, "सोललं." मग त्यांनी खाटेभोवती अशा काही चकरा सुरू केल्या की नर्सने त्यांना बाहेर काढलं.

लोकांची तोंडं मात्र बंद झाली नाहीत. शेठजींनी गुपचूप बोकड दिला असणार, असं आठवडाभर सगळे म्हणत होते. शामराव एकेकाला गाठून, सायकल आडवी घालून सांगत, "नाही दिला! इच्यारा शेठजीले!"

पुष्कळ वर्षांनी, ऐंशीच्या दशकात, शामराव गेले. सकाळी बाहेर निघताना चपला घालत होते, तिथेच दारात कोसळले. मी पोचलो तेव्हा वस्तीतली माणसं जमली होती. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी. तुकाराम, आता म्हातारा, शेजारी हुंदके देत होता. मनात वाईट काही नव्हतं त्याच्या, पण राहवलं नाही. म्हणाला, "वैनी, मले तं त्या सावरीचीच आठवन येते. डाव धरून होतं ते भूत."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं.

"एवढी वर्सं?" त्या म्हणाल्या. "तुकारामभाऊ, यायनं चहा उकळेपर्यंत कोनाची वाट नाही पाहिली. त्या भुताची पाहिली असती का? हेच जाऊन त्याले म्हनले असते, काहून बसला गा? चाल!"

कुणीतरी हसलं. मग तुकारामही हसला, मीही, आणि वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसू लागल्या. आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं.